जपानीत समोरच्याला काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात पडणारे आणि वरच्या परीक्षा दिल्यावरही पुरते न सुटणारे जे प्रश्न आहेत, त्यांत 'तू-तुम्ही'चा प्रश्न बराच वरचा. मराठी विद्यार्थी याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. जपानी शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. 'आनाता'सारख्या शब्दातले 'आ' मराठीपेक्षा आखूड म्हणायचे, एवढं लक्षात ठेवा.

जपानीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांना कोणते शब्द आहेत?

शब्द पुष्कळ आहेत. आनाता, किमी, ओमाए, आन्ता, तेमेए, किसामा, ओताकु, सोचिरा. औपचारिक पत्रात किदेन. ऐतिहासिक नाटकांत सोनाता आणि ओनुशी. बायबलच्या जुन्या भाषांतरात नांजी. यादी याहून लांबवता येईल, पण तिचा उपयोग फारसा नाही.

मराठीत तीन पायऱ्या आहेत आणि जगातल्या कुठल्याही माणसाला त्यांपैकी एक लागू पडतेच. मित्राला तू, शेजारच्या काकांना तुम्ही, सभेच्या अध्यक्षांना आपण. जपानीत अशी सोय नाही. साहेब, शिक्षक, ग्राहक, वयाने मोठा ओळखीचा माणूस यांना निर्धास्तपणे तोंडावर म्हणता येईल असं एकही सर्वनाम आजच्या रोजच्या जपानीत उरलेलं नाही. वरच्या यादीतले बहुतेक शब्द बरोबरीच्या किंवा खालच्या माणसासाठी आहेत, नाहीतर कागदावरच्या अनोळखी वाचकासाठी. 'मग आदरार्थी तुम्ही कुठला?' असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी सांगते की तो शोधायचं सोडा आणि त्या माणसाला लोक काय म्हणून हाक मारतात ते आधी बघा.

पुस्तकात 'आनाता म्हणजे तुम्ही' असं छापलंय. मग ते वापरू नका असं का सांगतात?

'आनाता'चा मूळ अर्थ 'पलीकडची बाजू'. माणसाचा थेट उल्लेख टाळून तो ज्या दिशेला आहे त्या दिशेचा उल्लेख करायचा, यात आदर होता. एदो काळात (१६०३ ते १८६८) हा खूप वरच्या आदराचा शब्द होता. नंतर तो झिजत गेला.

त्याला पुन्हा उभं करायचा एक प्रयत्न झाला होता. १९५२ साली जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने 'यापुढची आदरार्थी भाषा' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली शिक्षणमंत्र्यांना शिफारशी दिल्या. युद्ध संपून नवं संविधान आलं होतं, उच्चनीच भाव दाखवणारी जुनी भाषा सुटसुटीत करावी अशी हवा होती. स्वतःसाठी 'वाताशी' आणि समोरच्यासाठी 'आनाता' हे प्रमाण रूप मानावं, 'ओरे-ओमाए' या रांगड्या 'मी-तू'च्या जागीही हळूहळू हीच जोडी यावी, असं त्यात म्हटलं होतं. सगळ्यांसाठी एकच 'तुम्ही' असावा ही कल्पना मला मनापासून आवडते. पण भाषेने ती अर्धीच ऐकली. 'वाताशी' सगळीकडे रुळलं, 'आनाता' मात्र कधीच सर्वांसाठीचं झालं नाही.

आज समोरासमोर 'आनाता' म्हटलं की जपानी माणसाला दोन गोष्टी ऐकू येतात. एक, बोलणारा मला आपल्यापेक्षा वरचा मानत नाही. दुसरी, माझं नाव किंवा पद वापरण्याची तसदी त्याने घेतली नाही. साहेबाला म्हटलं तर आगाऊपणा वाटतो, ओळखीच्या शेजारणीला म्हटलं तर एकदम परकेपणा येतो, आणि आवाज थोडा चढलेला असेल तर 'तुम्ही स्वतःला समजता कोण' असा सूर लागतो. परदेशी माणूस म्हणून तुम्हाला सूट मिळते, कोणी तोंडावर टोकत नाही. नेमकं त्यामुळेच ही सवय वर्षानुवर्षं टिकून राहते, म्हणून ती सुरुवातीलाच लागू नये असं मला वाटतं.

सर्वनाम वापरायचंच नाही, तर कोणाबद्दल बोलतोय हे कळणार कसं?

मराठीतही आपण सर्वनाम सर्रास गाळतो. 'कुठे गेला होतास?' यात 'तू' म्हणायची गरज नसते, क्रियापदातला 'स' ते काम करतो. जपानी क्रियापदाला असा पुरुषवाचक प्रत्यय नाही. 'इत्ता' म्हणजे गेलो, गेलीस, गेले, काहीही. ऐकणाऱ्याला अंदाज येतो तो दुसऱ्या खुणांवरून, आणि त्या खुणा शिकणं हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

पहिली खूण आदरार्थी क्रियापदांची. 'येणं, जाणं, असणं' यांच्यासाठी 'इराश्शारु' हे क्रियापद फक्त ज्याला मान द्यायचा त्याच्यासाठी वापरतात आणि येण्या-जाण्याचं 'माइरु' हे फक्त स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी. त्यामुळे 'आश्ता इराश्शाइमास का' एवढं विचारलं की 'तुम्ही उद्या येणार का' हाच अर्थ निघतो, आणि 'आश्ता माइरिमास' म्हणजे 'मी उद्या येतो'. एकाही वाक्यात 'तुम्ही' किंवा 'मी' नाही. खाण्यापिण्याचं 'मेशिआगारु' आणि 'इतादाकु', बोलण्याचं 'ओश्शारु' आणि 'मोउसु' याच जातीच्या जोड्या आहेत.

दुसरी खूण नामाच्या आधी येणाऱ्या 'ओ' किंवा 'गो' या उपसर्गांची. 'ओसुमाइ वा दोचिरा देस का' म्हणजे 'राहायला कुठे?'. 'सुमाइ' म्हणजे राहण्याची जागा, पण 'ओ' लागला की ती समोरच्याची झाली. 'ओनामाए वा?' हे 'तुमचं नाव?' याच अर्थाने समजतात. स्वतःचं सांगताना हा 'ओ' लावायचा नाही.

तिसरी खूण देण्याघेण्याच्या क्रियापदांची, आणि ही मला सगळ्यांत सुंदर वाटते. मराठीत 'दिलं' एकच. जपानीत 'कुरेरु' म्हणजे माझ्या बाजूला देणं आणि 'आगेरु' म्हणजे माझ्या बाजूकडून बाहेर देणं. 'होन ओ कुरेमाशिता' यात पुस्तक मला मिळालं हे ठरलेलंच आहे. दुसऱ्या क्रियापदाला हे शेपूट जोडता येतं. 'ओशिएते कुरेमास का' म्हणजे 'शिकवाल का?', आणि कोणी कोणाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय भावना आणि इच्छा दाखवणाऱ्या शब्दांचा साधा नियम आहे. विधान केलं तर ते माझ्याबद्दल, प्रश्न विचारला तर तुमच्याबद्दल. 'सामुइ' म्हणजे मला थंडी वाजतेय. सूर वर नेऊन 'सामुइ?' विचारलं की तुला थंडी वाजतेय का. इथे एक जपून राहण्याची जागा आहे. साहेबांना 'नोमिताइ देस का', म्हणजे 'प्यायची इच्छा आहे का', असं विचारू नका. मोठ्यांच्या इच्छेत असं थेट डोकावणं बरं दिसत नाही. 'ओचा वा इकागा देस का', म्हणजे 'चहा चालेल?', हे नेहमी सुरक्षित.

नाव माहीत असेल तर काय म्हणायचं?

आडनाव आणि 'सान'. समोर बसलेल्या तानाकांना 'तुम्ही कधी आलात?' विचारायचं असेल तर 'तानाका-सान वा इत्सु किमाशिता का' असं म्हणायचं. शब्दशः ते 'तानाका कधी आले?' असं होतं, आणि मराठी कानाला वाटतं की तिसऱ्याच माणसाबद्दल चौकशी चालली आहे. जपानीत हा समोरच्याला विचारलेला सरळ, सभ्य प्रश्न आहे. हीच एक सवय लागली तरी निम्म्याहून जास्त अडचणी दूर होतील.

'सामा' हे 'सान'चं वरचं रूप. पत्राच्या पाकिटावर, ग्राहकासाठी, देवादिकांसाठी. 'चान' लहान मुलांसाठी, मैत्रिणीमैत्रिणींत, घरातल्या आजीसाठीही. 'कुन' मुलग्यांसाठी आणि कचेरीत हाताखालच्या तरुणांसाठी. याच 'कुन'चा एक वेगळा थाट जपानच्या संसदेत दिसतो. तिथे सभापती सदस्यांना, मग ते पंतप्रधान का असेनात, नावापुढे 'कुन' लावून पुकारतात. १९९३ साली ताकाको दोइ कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या, तेव्हा त्यांनी 'कुन' सोडून सगळ्यांना 'सान' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर जुनी प्रथा परत आली. शाळांत मात्र मुलगा-मुलगी भेद न करता सगळ्यांनाच 'सान' म्हणण्याकडे कल वाढतो आहे.

यांपैकी काहीच न लावता नुसतं नाव घेणं याला 'योबिसुते' म्हणतात. ते घरच्या आणि अगदी जवळच्या माणसांपुरतंच. आणि 'सान' स्वतःच्या नावाला कधीही लावायचा नाही.

साहेब, शिक्षक, डॉक्टर यांना?

पद हेच त्यांचं सर्वनाम. कंपनीच्या अध्यक्षांना 'शाचो', विभागप्रमुखाला 'बुचो', त्याखालच्या प्रमुखाला 'काचो'. 'बुचो वा दो ओओमोइ देस का', म्हणजे 'बुचोंना काय वाटतं?', हे बुचोंनाच विचारलेलं असतं. अलीकडे बऱ्याच कंपन्यांनी पदं सोडून सगळ्यांना 'सान' म्हणायचं ठरवलं आहे. रुजू झालात की पहिल्या आठवड्यात इतर लोक काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा.

'सेन्सेइ' शिक्षकांना, डॉक्टरांना, वकिलांना, राजकारण्यांना आणि मांगा (जपानी चित्रकथा) काढणाऱ्या चित्रकारांनाही. 'सेन्सेइ'ला पुन्हा 'सान' जोडायचा नाही. शाळा-कॉलेजात वरच्या वर्गातला विद्यार्थी 'सेनपाइ'. उलट दिशेने मात्र चालत नाही, खालच्या वर्गातल्याला 'कोहाइ' म्हणून हाक मारत नाहीत, त्याचं नाव घेतात. हा एकतर्फीपणा पुढे घरातही भेटेल.

रस्त्यातल्या अनोळखी माणसाचं लक्ष वेधायचं असेल तर?

'सुमिमासेन'. बस, एवढंच.

कामावरून ओळखता येत असेल तर कामाचं नाव वापरतात. टॅक्सीवाल्याला 'उन्तेन्शु-सान', पोलिसाला 'ओमावारी-सान', दुकानाच्या प्रमुखाला 'तेन्चो'. इझाकायात, म्हणजे दारू आणि खाण्याच्या छोट्या ठिकाणी, चुलीपाशी उभ्या मालकाला नेहमीचे लोक 'ताइशो' म्हणतात. मूळ अर्थ सेनापती. बारच्या मालकिणीला 'मामा', म्हणजे आई. दुकानदार तुम्हाला 'ओक्याकु-सामा' किंवा 'ओक्याकु-सान' म्हणेल.

नात्यांचे शब्दही परक्यांना लावतात, आपल्याकडच्या दादा, ताई, काका, मावशीसारखेच. पण इथे मराठी सवय जपून वापरा. आपल्याकडे मावशी म्हटल्याने जवळीक वाटते. जपानीत 'ओबासान' म्हणजे 'तुमचं वय दिसतंय' असं ऐकणाऱ्या बाईला वाटू शकतं. 'ओनीसान' आणि 'ओनेएसान' (दादा, ताई) कमी धोक्याचे, तरी शिकाऊ माणसाने 'सुमिमासेन'वरच राहिलेलं बरं.

मग 'आनाता' कुठे चालतं?

जिथे समोर कोणी ठरावीक माणूस नाही तिथे. जाहिराती, सर्वेक्षणाचे अर्ज, परीक्षेचे प्रश्न, आरोग्य खात्याची पत्रकं, कविता. 'आनाताचं वय किती?' असं अर्जावर छापलेलं कोणालाच खटकत नाही, कारण वाचणाऱ्याचं नाव आणि हुद्दा छापणाऱ्याला माहीत असणं शक्यच नाही. भाषांतर करणाऱ्यांना हा शब्द सतत लागतो तो याचसाठी. मोठा माणूस लहानाला समजावताना, शिक्षिका विद्यार्थिनीला बोलताना तोही चालतो.

बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याला मराठीत अगदी जवळचा शब्द 'अहो'. एका विशिष्ट सुरात म्हटलेलं 'आनाता' म्हणजे नाव न घेता नवऱ्याला मारलेली हाक. जुन्या मालिकांत ते हमखास ऐकू येतं. पण आपल्याकडे 'अहो' जसं कमी होत चाललंय तसंच तिकडेही झालंय. तरुण जोडपी एकमेकांची नावं किंवा लाडाची नावं वापरतात, आणि मूल झालं की दोघंही 'पापा' आणि 'मामा' होतात.

'आन्ता' हे याच शब्दाचं आकसलेलं रूप. आई मुलाला रागावताना, म्हातारी शेजारीण गप्पा मारताना ते वापरते. ओसाका आणि क्युशूकडे त्यात प्रेमळपणा असतो, तोक्योत ते लवकर उद्धट वाटतं.

घरात कोण कोणाला काय म्हणतं?

भाषाशास्त्रज्ञ ताकाओ सुझुकी यांनी १९७३ साली आलेल्या एका छोट्या पुस्तकात याची फार नेमकी मांडणी केली. जपानी घरात मधोमध एक रेघ आहे असं समजा. रेघेच्या वर आईवडील, आजीआजोबा, काका-मामा, मोठी भावंडं. खाली धाकटी भावंडं, मुलं, भाचे-पुतणे. खालच्याने वरच्याला सर्वनाम वापरायचं नाही, नुसतं नावही घ्यायचं नाही. नात्याचाच शब्द वापरायचा: 'ओतोसान' (बाबा), 'ओकाआसान' (आई), 'ओनीचान' (दादा). वरचा खालच्याला 'ओमाए', 'आन्ता', नाव, काहीही म्हणू शकतो, पण 'धाकट्या भावा' अशी नात्याने हाक मारू शकत नाही. स्वतःबद्दल बोलतानाही हीच रेघ लागू होते. बाप मुलाला 'ओतोसानला सांग' म्हणेल, पण धाकटा मोठ्याला 'धाकट्याला सांग' म्हणणार नाही.

सुझुकींनी दाखवलेली दुसरी गोष्ट अशी की नात्याचे शब्द घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या जागेवरून ठरतात. म्हणून बायको नवऱ्याला 'ओतोसान' म्हणते, आजी आपल्याच मुलीला 'मामा' म्हणते, आणि धाकटं बाळ जन्मलं त्या दिवसापासून आई थोरल्याला 'ओनीचान' म्हणू लागते. मराठी घरातून आलेल्याला यात नवल वाटणार नाही. 'दादा, तिला दे ना खेळणं' असं आई आपल्या मुलालाच म्हणते, तेव्हा तीसुद्धा धाकटीच्या जागेवरून बोलत असते. मराठी वर्गात हा भाग शिकवताना स्पष्टीकरणाची गरजच पडत नाही.

तोक्योत मुलं शाळेत घालणाऱ्या मराठी आयांना हे प्रत्यक्ष भेटतं. पालकसभेत तुमचं नाव मागे पडतं आणि तुम्ही 'अमुक-चानची मामा' होता. त्यात अनादर नाही, दुसऱ्या आयाही एकमेकींना तसंच म्हणत असतात.

'किमी' गोड आहे की उद्धट?

कोण कोणाला म्हणतं त्यावर आहे. 'किमी'चा जुना अर्थ स्वामी, राजा. आठव्या शतकातल्या 'मानयोशू' या काव्यसंग्रहात स्त्रिया प्रियकराला 'किमी' म्हणतात. जपानचं राष्ट्रगीत 'किमीगायो' ज्या कवितेवरून आलं ती दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'कोकिनशू'त आहे. १९९९ साली कायद्याने ते राष्ट्रगीत ठरलं, तेव्हा त्यातला 'किमी' म्हणजे सम्राट असा अर्थ सरकारने सांगितला. वर आलेला 'कुन' हा प्रत्ययही याच चित्रलिपीतल्या अक्षराने लिहितात.

मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) तरुण विद्यार्थ्यांनी 'बोकु' (मी) आणि 'किमी' ही जोडी आपलीशी केली आणि राजाचा शब्द मित्राचा झाला. आज साहेब हाताखालच्याला 'किमी' म्हणतो त्यात वरचढपणा असतो. गाण्यांत मात्र 'किमी' अजूनही प्रेमाचा शब्द आहे, म्हणून गाण्यांवरून जपानी शिकलेली मुलं तो सहज उचलतात. बोलताना टाळा. साहेबाला चुकूनही नको.

'ओमाए' म्हणजे शिवी का?

नाही. जिवलग मित्रांमध्ये, विशेषतः पुरुषांत, तो रोजचा शब्द आहे. परक्याला म्हटला तर भांडणाचं निमंत्रण. याबद्दल जपानी लोकांचंही एकमत नाही हे २०१९च्या जुलैत साऱ्या देशाने पाहिलं. नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स या बेसबॉल संघाचे चाहते मैदानात एक गाणं गात असत, त्यात 'ओमाए मारणार नाहीस तर कोण मारणार' अशी ओळ होती. प्रशिक्षक त्सुयोशी योदा यांना ती खटकली. 'ओमाए' म्हणण्यापेक्षा खेळाडूचं नाव घ्यावं असं त्यांचं म्हणणं. चाहत्यांच्या पथकाने ते गाणं थांबवलं आणि वर्तमानपत्रांपासून टीव्हीपर्यंत वाद पेटला. कित्येकांचं म्हणणं होतं की यात अपमान कुठे आहे, ही तर आपलेपणाची हाक. मला दोन्ही बाजू पटतात. हजारो लोक एका सुरात 'ओमाए' म्हणतात तेव्हा त्यात माया असते, पण तोच शब्द घरी जाऊन लहान मूल कोणाला म्हणेल ही काळजीही खोटी नाही.

एवढे आदरार्थी शब्द खाली का घसरले?

'ओमाए' म्हणजे 'सन्मान्य समोर', म्हणजे देवासमोरची किंवा थोरांसमोरची जागा. एदो काळाच्या मध्यापर्यंत तो आदराचाच शब्द होता. 'किसामा'ची घसरण आणखी मोठी. त्यातलं 'कि' म्हणजे मौल्यवान, थोर आणि 'सामा' तर आजही सर्वांत आदराचा प्रत्यय. सामुराई एकमेकांना पत्रांत 'किसामा' लिहीत. मग तो सामान्यांच्या बोलण्यात उतरला, एदो काळ संपेपर्यंत मान गेला. सैन्यात बरोबरीचे सैनिक एकमेकांना तो म्हणत, आणि आज तो जवळजवळ फक्त संतापाचा शब्द आहे.

जपानी भाषाभ्यासक याला 'केइइ तेइगेन', म्हणजे आदर ओसरत जाण्याचा नियम, म्हणतात. आदराचा शब्द जितका वापरावा तितका तो साधा होतो, बोलणारे मग नवा शब्द शोधतात आणि जुना एक पायरी उतरतो. हे होतं त्यामागे कारण आहे. आदर दाखवायचा तर माणसाला थेट 'तू' म्हणायचं नाही, त्याची दिशा, घर किंवा समोरची जागा सांगायची, हा जपानी रिवाज. पण लोकांच्या सवयीने ती आडवाट काही पिढ्यांत थेट वाट होते. मग पुन्हा नवी आडवाट लागते. आजची आडवाट म्हणजे 'सोचिरा' (त्या बाजूला), फोनवर आणि दोन संस्थांच्या बोलण्यात ती सर्रास ऐकू येते.

'जिबुन' म्हणजे 'स्वतः'. ओसाकात ते 'तू' कसं झालं?

कान्साइ भागात 'जिबुन, दोको इकु न?' म्हणजे 'तू कुठे चाललास?'. तोक्योचा माणूसही क्षणभर गोंधळतो, कारण तिकडे काही पुरुष 'जिबुन' 'मी' या अर्थाने वापरतात. जपानीत स्वतःचे शब्द समोरच्यावर सरकण्याची ही एकटी घटना नाही. 'तेमेए' हा भांडणातला शब्द 'तेमाए'पासून आला आणि 'तेमाए' म्हणजे नम्रपणे 'मी'. जुन्या वळणाचे व्यापारी अजूनही 'तेमाए-दोमो' म्हणजे 'आम्ही' म्हणतात. 'ओनोरे' आणि 'वारे' यांचंही तेच झालं. लहान मुलाला अनोळखी काकू 'बोकु, नामाए वा?' विचारते, म्हणजे शब्दशः 'मी, नाव काय?'. मूल स्वतःला जे म्हणेल ते त्याच्या वतीने काकूच म्हणते.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. 'आपण' हा शब्द आपल्याकडे 'स्वतः', 'आपण सगळे' आणि 'आपण बसावं' असा तिन्ही ठिकाणी फिरतो. फरक एवढाच की मराठीत तो वर चढला.

ॲनिमेतून शिकलेले शब्द वापरू का?

समजण्यासाठी जरूर, बोलण्यासाठी नको. पडद्यावर खलनायक 'किसामा' म्हणतो, म्हातारा साधू 'ओनुशी' म्हणतो, सामुराई स्वतःला 'सेश्शा' आणि समोरच्याला 'सोनाता' म्हणतो, तेव्हा तो शब्द पात्राची ओळख पटकन करून देत असतो. भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुइ यांनी याला 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं. खऱ्या जपानी म्हाताऱ्यांपैकी फार थोडे तसं बोलतात. ॲनिमेमुळे शिकायला आलेल्या मुलांचा कान तयार असतो, उच्चार चांगले असतात, ती माझी आवडती मुलं आहेत. फक्त पहिल्या मुलाखतीआधी त्यांच्या तोंडातलं 'ओमाए' जायला हवं.

'ओताकु' हा शब्दही सर्वनाम होता का?

हो. 'ताकु' म्हणजे घर, त्याला 'ओ' लावून 'आपलं घर', त्यावरून 'आपण'. ॲनिमे-मांगाच्या चाहत्यांच्या काही गटांत एकमेकांना हा जरा अवघडलेला, दूरचा 'ओताकु' म्हणायची पद्धत होती. १९८३ साली आकिओ नाकामोरी यांनी एका मासिकातल्या लेखात त्या चाहत्यांनाच हे नाव दिलं आणि ते चिकटलं. सर्वनाम म्हणून तो अजून आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किंवा व्यवहाराच्या बोलण्यात.

नोकरीच्या अर्जात 'तुमची कंपनी' कशी लिहायची?

लिहिताना 'किशा', बोलताना 'ओन्शा'. 'किशा' या उच्चाराचे पत्रकार, आगगाडी, कचेरीत परतणं असे आणखी अर्थ आहेत, म्हणून कानाने ऐकताना घोटाळा होतो. आपल्या कंपनीला नम्रपणे 'हेइशा'.

एकापेक्षा जास्त माणसं असतील तर?

'मिनासान', जास्त आदराने 'मिनासामा'. यात कोणाला धक्का लागत नाही. 'आनाता-ताची', 'किमी-ताची', 'ओमाए-रा' ही रूपं आहेत, पण एकवचनातले सगळे धोके त्यांच्याबरोबर येतात.

सगळ्या जपानात हेच नियम आहेत का?

तोक्योच्या प्रमाण भाषेचे हे नियम. उत्तरेकडे आओमोरीच्या त्सुगारु भागात अजूनही 'वा' म्हणजे मी आणि 'ना' म्हणजे तू. हा 'ना' मानयोशूच्या काळापासूनचा, नांजी या शब्दातही तोच आहे.

जपानी लोक मला काय म्हणतील?

तुमचं आडनाव कुलकर्णी असेल तर 'कुरुकारुनी-सान' ऐकायची तयारी ठेवा, जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत आणि जोडाक्षरं सुटी होतात. परदेशी लोकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धतही बरीच आहे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा जपानी सहकारी 'सातो-सान' आणि तुम्ही 'स्नेहा-सान' असं होऊ शकतं. त्यात कमी लेखलेलं नसतं. तरी आडनाव किंवा आखूड केलेलं नाव हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगून टाका: नाव घ्या आणि पुढे 'तो योंदे कुदासाइ' जोडा, म्हणजे 'असं म्हणा'. उदाहरणार्थ 'जोशी तो योंदे कुदासाइ'. 'सान' ते लावतील, तुम्ही लावू नका. मग लगेच विचारा, 'नान तो ओयोबि सुरेबा योरोशीइ देस का', म्हणजे 'कसं संबोधू?'. उत्तरात जे नाव किंवा पद मिळेल, पुढच्या प्रत्येक वाक्यात 'तुम्ही'च्या जागी तेच वापरायचं.